तिशीत नर्सिंगला जाताय? आधी जन्मतारीख, मग बारावीची मार्कशीट

बँकेत, शाळेत, कॉल सेंटरमध्ये आठ-दहा वर्षं काढून नर्सिंगकडे वळणाऱ्यांची पहिली चौकशी बहुधा फीची असते. तिचा नंबर खरं तर तिसरा. पहिला प्रश्न जन्मतारखेचा, दुसरा बारावीच्या मार्कशीटचा. तुम्ही बी.कॉम. असा नाहीतर एम.बी.ए., मूळ नर्सिंग अभ्यासक्रमाची पात्रता बारावीवरच ठरते, पदवीचे गुण कुठे धरत नाहीत. तेव्हा तो जुना कागद आधी शोधून काढा.

कोणती वाट कोणाला

नोंदणीकृत नर्स होण्याच्या मुख्य वाटा दोन. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) हा तीन वर्षांचा डिप्लोमा आणि बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. दोन्हींनंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे त्याच नावाची नोंदणी होते: रजिस्टर्ड नर्स, रजिस्टर्ड मिडवाइफ. तिसरा आहे एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ), दोन वर्षांचा आणि फक्त महिलांसाठी. त्यातून उपकेंद्रावरचं, लसीकरणाचं, माता-बाल आरोग्याचं काम मिळतं. हॉस्पिटलात स्टाफ नर्स व्हायचं असेल तर एएनएमवर थांबून भागत नाही.

बी.एस्सी.ला बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवंच. तीन शास्त्रांत मिळून किमान 45 टक्के, मागासवर्गीयांना 40. जीएनएमला विज्ञानाला प्राधान्य असलं तरी अट नाही. कला, वाणिज्यवाल्यांनाही दार उघडं आहे. अट आहे ती बारावीला एकूण 40 टक्क्यांची, आणि इंग्रजीत वेगळे 40 टक्के. ही इंग्रजीची अट पुन्हा वाचा. एकूण 62 टक्के असलेला माणूस इंग्रजीतल्या 37 गुणांवर अडकतो, कारण 35 ला पास ही सवय डोक्यात असते.

बारावीला विज्ञान नव्हतं पण पदवीच हवी असेल, तर एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून बारावी पुन्हा करता येते. विषय-कोड असे: भौतिकशास्त्र 312, रसायन 313, जीवशास्त्र 314, इंग्रजी 302. भारतीय परिचर्या परिषद (इंडियन नर्सिंग कौन्सिल) एनआयओएसची बारावी धरते, मात्र हे चारही विषय हवेत. जुन्या मार्कशीटवरचं इंग्रजी आणि नव्या मार्कशीटवरची तीन शास्त्रं असा जोडकाम केलेला संच कागद तपासणीत प्रश्न उभे करतो. इंग्रजी पुन्हा द्यावं लागलं तरी द्या, सगळे विषय एकाच मार्कशीटवर येऊ द्या. प्रात्यक्षिकं अभ्यासकेंद्रावर प्रत्यक्ष करावी लागतात आणि त्यात वेगळं पास व्हावं लागतं.

वयाचं गणित

एएनएम आणि जीएनएमला प्रवेशाची वयोमर्यादा 17 ते 35. पण खरी मर्यादा प्रवेशाची नाही, नोकरीची आहे, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. महाराष्ट्र शासनाच्या सरळसेवा भरतीत खुल्या प्रवर्गाला साधारण 38, मागासवर्गीयांना 43. एम्सच्या नर्स भरतीसाठीच्या नॉरसेट परीक्षेला 18 ते 30, इतर मागासवर्गीयांना तीन आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षांची सवलत.

समजा वय 32, बारावी कॉमर्स. एनआयओएसला एक वर्ष, पुढच्या हंगामात सीईटी ही प्रवेश परीक्षा, मग चार वर्षं. बाहेर पडता तेव्हा 37 उलटलेली असतात, आणि खुल्या प्रवर्गात असाल तर सरकारी भरतीची एखादीच जाहिरात हाती लागेल. तोच माणूस जीएनएमला गेला तर 35-36 ला नोंदणी होते. पुढे दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. केली की पदवीही हातात, आणि ती नसली तरी दरम्यान पगार सुरू झालेला असू शकतो. म्हणून तिशी ओलांडलेल्या आणि बारावीला विज्ञान नसलेल्यांना आमचं उत्तर सरळ आहे: जीएनएम. बारावीला पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) असेल आणि वय 26-27 असेल तर मात्र बी.एस्सी.च करा, डिप्लोमा करून पुन्हा दोन वर्षं घालवू नका. एम्सचं स्वप्न असेल तर हेही बघा: खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराने चार वर्षांची पदवी सव्विशीनंतर सुरू केली तर तिशीची रेघ ओलांडली जाते. जीएनएमवाल्यांना नॉरसेटसाठी वर दोन वर्षांचा अनुभव लागतो, तोही किमान 50 खाटांच्या हॉस्पिटलातला.

यातलं काहीही पत्राद्वारे, शनिवार-रविवार किंवा संध्याकाळचं होत नाही. मूळ जीएनएम आणि बी.एस्सी. पूर्णवेळच आहेत. ‘हजेरीची अट नाही, परराज्यातून सर्टिफिकेट मिळेल’ असं सांगणारा एजंट भेटला तर चहा पिऊन उठा. असा कागद कौन्सिलच्या टेबलावर नोंदणीच्या वेळी उघडा पडतो, तोपर्यंत तीन वर्षं आणि पैसे गेलेले असतात. सहा महिन्यांचा ‘नर्सिंग कोर्स’ हाही नर्सिंगचा नव्हे, तो रुग्णसेवकाचा. काम मिळेल, नोंदणी नाही.

सीईटी

बी.एस्सी.साठी राज्य सीईटी कक्ष परीक्षा घेतो. 100 प्रश्न, 90 मिनिटं. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग अभिरुची (अ‍ॅप्टिट्यूड) असे प्रत्येकी 20. परिषदेच्या नियमात खुल्या प्रवर्गाला 50 पर्सेंटाइल, मागासवर्गीयांना 40 पर्सेंटाइल ही किमान रेषा आहे. अभ्यास तुटलेल्यांनी भौतिकशास्त्रात तीन महिने जाळण्यापेक्षा जीवशास्त्र, इंग्रजी आणि अभिरुची हे 60 गुण आधी पक्के करावेत. नोकरी केलेल्या माणसाला अभिरुचीचे प्रश्न सोपे जातात. पुस्तकं बालभारतीच्या ई-साइटवरून अकरावी-बारावीची फुकट उतरवता येतात, तीच पुरतात. डिसेंबरपासून सीईटी कक्षाच्या वेबसाइटवर नजर ठेवा. अर्जाची मुदत वाढते या भरवशावर बसू नका.

कागद: इथेच जास्त माणसं गळतात

अठराव्या वर्षीच्या मुलाची फाइल आठवड्यात तयार होते. तिशीतल्या माणसाची व्हायला चार-सहा महिने लागतात, कारण मधल्या वर्षांत नाव, पत्ता, कधी राज्यसुद्धा बदललेलं असतं.

लग्न झालेल्या बाईची फाइल उघडून बघा. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं आडनाव, तिचं नाव, वडिलांचं नाव. आधारवर तिचं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. बँक पासबुकावर तिसरंच स्पेलिंग, कारण कारकुनाने एक ‘ए’ जास्त टाकला. जातीचा दाखला माहेरच्या नावाने. अर्ज भरताना नाव मार्कशीटप्रमाणेच भरायचं, अगदी स्पेलिंगसकट. नाव बदलल्याचा पुरावा म्हणून विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि महाराष्ट्र शासन राजपत्रातली नावबदलाची प्रत जोडायची. राजपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो, पण प्रसिद्ध व्हायला वेळ लागतो, म्हणून तो सगळ्यात आधी टाका.

बाकी फाइल अशी:

- दहावी-बारावीच्या मार्कशीट आणि बोर्डाची प्रमाणपत्रं.
- शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला. तो शेवटच्या संस्थेचा लागतो. बी.कॉम. झालं असेल तर ज्युनिअर कॉलेजचा चालत नाही. पदवीनंतर हा दाखला नेलाच नाही अशी माणसं ढिगाने आहेत. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन आजच मागा. दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेटही.
- वय, अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला.
- गॅपचं शपथपत्र: बारावी किंवा पदवीपासून आजपर्यंत काय केलं ते वर्षवार. नोकरीच्या वर्षांसाठी अनुभवपत्रं सोबत.
- आरक्षणातून जाणार असाल तर जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र. इतर मागास, भटक्या-विमुक्त, विशेष मागास यांना वर नॉन-क्रिमी लेयर, चालू आर्थिक वर्ष संपेपर्यंत, म्हणजे येत्या 31 मार्चपर्यंत वैध असलेलं.
- वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र.

नॉन-क्रिमी लेयरबाबत सेतू केंद्रावर हमखास गोंधळ होतो. विवाहितेचा क्रिमी लेयर आईवडिलांच्या स्थितीवरून ठरतो, नवऱ्याच्या पगारावरून नाही. ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याचं उलट आहे. तिथे कुटुंबात अर्जदार, आईवडील, जोडीदार, 18 वर्षांखालची भावंडं आणि मुलं हे सगळे येतात, आणि आठ लाखांची मर्यादा त्या सगळ्यांच्या उत्पन्नाला मिळून आहे. एकाचा नियम दुसऱ्याला लावून दाखला काढला की तपासणीत तो बाद होतो आणि तुम्ही खुल्या यादीत जाता.

जात वैधता नसेल तर जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे अर्ज सीईटीच्या फॉर्मच्याही आधी गेला पाहिजे. पुरावे वडिलांकडचे लागतात. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत मागे जावं लागतं आणि ती शाळा बऱ्याचदा दुसऱ्या तालुक्यात निघते.

पैसे

खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि आपल्या वेबसाइटवर लावतं. कॉलेजने सांगितलेला आकडा तिथल्या आकड्याशी ताडून बघा. त्यावर होस्टेल, गणवेश, बूट, स्टेथोस्कोप, जर्नलं आणि ग्रामीण पोस्टिंगचा प्रवास येतो.

दुसऱ्यांदा शिकणाऱ्यांचा मोठा गैरसमज शिष्यवृत्तीचा. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत एक पायरी पूर्ण करून पुन्हा त्याच पायरीचं दुसऱ्या विषयाचं शिक्षण घेणाऱ्याला पैसे मिळत नाहीत. बी.ए. झालेल्याने बी.एस्सी. नर्सिंगला तो आकडा हिशेबात धरू नये. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेलाही सरकारी फी-सवलत लागू नसते, जागा केंद्रीभूत प्रवेश फेरीतून घेतलेली असावी लागते. शैक्षणिक कर्जात चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण बँक कॉलेजची मान्यता बघते.

कॉलेज निवडताना

मान्यता तीन ठिकाणी तपासा: भारतीय परिचर्या परिषदेची यादी, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, आणि पदवीसाठी नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. डिप्लोमाच्या परीक्षा राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं.

मग स्वतः जा. कॉलेज नव्हे, त्याचं हॉस्पिटल बघायला. कागदावर किमान 100 खाटा असतात. सकाळी अकराला वॉर्डात किती खाटांवर माणूस आहे ते मोजा. एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हा निकष आहे, म्हणजे वॉर्डात दहा विद्यार्थिनी उभ्या असतील तर तीस रुग्ण दिसायला हवेत. चौकीदाराला विचारा, रात्री डिलिव्हरीच्या केसेस येतात का. प्रसूतीच्या नोंदी भरल्याशिवाय कोर्स पुरा होत नाही, आणि हॉस्पिटलात प्रसूतीच नसतील तर तुम्हाला लांबच्या रुग्णालयात धाडलं जातं, तेही स्वखर्चाने. सरकारी नर्सिंग स्कूलच्या वॉर्डात गर्दीचा प्रश्नच नाही. तिथे अडचण येते ती होस्टेलची. लहान मूल असेल तर होस्टेल सक्तीचं आहे का हे प्रवेशाआधी लेखी विचारा.

हजेरीचा नियम घरी सगळ्यांना ऐकवून ठेवा. थिअरी आणि प्रॅक्टिकलला परीक्षेपुरती 80 टक्के लागते, पण डिप्लोमा किंवा पदवी हातात पडण्याआधी प्रत्येक क्लिनिकल विभागाची हजेरी 100 टक्के भरावी लागते. मुलाच्या तापासाठी घेतलेली चार दिवसांची सुट्टी शेवटच्या वर्षी ड्युटी करून फेडावीच लागते.

कॉमर्सवाल्यांना विज्ञानाची धास्ती असते, पण रोजचं गणित हे असं आहे: 500 मिली सलाइन आठ तासांत द्यायचं, सलाइनच्या नळीचा सेट 20 थेंबांना एक मिलीचा. 500 गुणिले 20, भागिले 480 मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण 21 थेंब. घड्याळ थेंब पडतात त्या चेंबरशेजारी धरून पंधरा सेकंदांत पाच थेंब मोजायचे आणि वेग कमी-जास्त करायला नळीवरचं चाक फिरवायचं. ज्याने कधी जीएसटीचं रिटर्न भरलंय त्याला हे जड नाही. जड जातं ते आठ तास उभं राहणं आणि बेडपॅन. ते झेपेल का हे घरी बसून कळत नाही. ओळखीच्या हॉस्पिटलात परवानगी काढून एखादी रात्र काढून बघा.

राजीनामा आणि लस

जागा मिळाल्याचं पत्र येण्याआधी राजीनामा देऊ नका. पण करारात नोटिशीचा काळ किती ते आत्ताच बघा. जागा मिळाल्यावर मूळ कागद घेऊन हजर व्हायला हाती मोजके दिवस असतात, आणि आयटी कंपन्यांत नोटीस दोन-तीन महिन्यांची. त्या काळाचा पगार भरून सुटता येतं का, साठलेली रजा त्यात वळवता येते का, हे मॅनेजरशी फेरी सुरू होण्याआधी बोलून ठेवावं लागतं. मूळ मार्कशीट एजंटाच्या हातात कधीच द्यायच्या नाहीत. कॉलेजात जमा करताना पोच घ्या आणि त्याआधी प्रत्येकीच्या दहा-दहा साक्षांकित प्रती काढा.

शेवटचं काम खरं तर आज सुरू करायचं. हिपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस असतात: पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. वॉर्डात वापरलेली सुई चुकून स्वतःलाच टोचण्याची वेळ पहिल्याच वर्षी येऊ शकते. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस ही प्रतिपिंडांची रक्ततपासणी करा. 10 किंवा त्याहून जास्त आलं तर संरक्षण मिळालंय. कमी आलं तर डॉक्टर डोस पुन्हा द्यायला सांगतात, त्यासाठी हातात वेळ हवा. लशीचं कार्ड त्याच फाइलमध्ये, तंदुरुस्तीच्या प्रमाणपत्रामागे लावा.