प्रशिक्षणार्थींमधील उष्माघाताचा अंदाज: हवामानाच्या नोंदी कशा वापराव्यात

नुसत्या तापमानावरून हा अंदाज बांधू नका. पॅरिस आयलंड या अमेरिकी मरीन प्रशिक्षण केंद्रातल्या उष्माघातांना आळा घालताना १९५०च्या दशकात डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर) हा उष्म्याचा निर्देशांक घडला, तो आजही पाया आहे:

०.७ × ओल्या वातीचा तापमापक + ०.२ × काळ्या गोळ्यातला तापमापक (उन्हाची धग मोजणारा) + ०.१ × हवेचे तापमान

ओली वात २७, गोळा ४५, हवा ३३ अंश असेल तर १८.९ + ९ + ३.३ = ३१.२. तिथल्या पद्धतीत धोक्याची पातळी झेंड्यांनी दाखवतात: सगळ्यात खालचा हिरवा, ३१.१ला लाल आणि ३२.२ला काळा झेंडा लागतो. दमट हवेत अंगावर चिलखत असेल तर २.८ मिळवा, वरचा लाल थेट काळा होतो.

उपकरण सराव चालतो त्याच मैदानात, उन्हात ठेवा. काळा गोळा स्थिरावायला वीसेक मिनिटे द्या. वात सुकली किंवा मळली की आकडा खोटा चढतो. उपकरण नसेल तर जवळच्या केंद्राचे तापमान, आर्द्रता, वारा आणि सौर प्रारण घेऊन लिल्येग्रेन या संशोधकाच्या गणिती पद्धतीने डब्ल्यूबीजीटी काढता येतो.

आता या नोंदींवरून धोका वर्तवणारे प्रारूप (मॉडेल) बनवण्यासाठी तक्ता. एक ओळ म्हणजे एका तुकडीचा एक तास: त्या तासाचा डब्ल्यूबीजीटी, आदल्या दिवशीचा डब्ल्यूबीजीटी, प्रशिक्षणाचा कितवा आठवडा, कामाचा प्रकार, पोशाख, हजर माणसे, रुग्ण. आदला दिवस गाळू नका. कालच्या उन्हाचा ताण आज भोवतो. शरीर उन्हाला सरावायला १० ते १४ दिवस लागतात, म्हणून आठवडाही हवाच. पहाटेच्या धावण्यात झेंडा हिरवासुद्धा नसताना माणसे कोसळतात, कारण उष्णता स्नायूंतूनच निघते.

सगळ्यात मोठी चूक इथे होते: काळा झेंडा लागला की सराव थांबतो, रुग्ण घटतात आणि प्रारूप ‘जास्त उष्मा म्हणजे कमी धोका’ असे शिकते! म्हणून रुग्णसंख्या नव्हे, प्रत्यक्ष मेहनतीच्या माणूस-तासांमागचा दर मोजा. पॉयसाँ प्रतिगमनात (घटनांची संख्या वर्तवणाऱ्या संख्याशास्त्रीय पद्धतीत) माणूस-तासांचा लॉग ऑफसेट म्हणून, म्हणजे ठरीव पद म्हणून, घाला.

चाचणीसाठी ओळी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वेगळ्या काढू नका. एकाच दिवसाच्या ओळी शिकवण्यात आणि चाचणीत दोन्हीकडे गेल्या तर निकाल फसवा येतो. अख्खे शेवटचे वर्ष चाचणीसाठी बाजूला ठेवा. रुग्ण विरळ असतात, ‘कुणालाच होणार नाही’ म्हणणारे प्रारूपही ९९ टक्के बरोबर दिसेल. खऱ्या रुग्णांपैकी किती आधी पकडले तेच पाहा. इशाऱ्याची पातळी खालीच ठेवा आणि दुसऱ्या दिवसाचा तासवार अंदाज आदल्या संध्याकाळी प्रशिक्षकांच्या हाती द्या, म्हणजे धावण्याची वेळ बदलायला सवड मिळेल.