जुने बेंच मल्टिमीटर उघडण्यापूर्वी करावयाची तयारी

भंगारातून किंवा ओळखीच्या कारखान्यातून साडेपाच अंकी (सुरुवातीला एक अर्धवट अंक आणि पुढे पाच पूर्ण अंक दाखवणारे) जुने मल्टिमीटर घरी आले, की हात आधी स्क्रूड्रायव्हरकडे जातो. तो दोन दिवस आवरावा, कारण मीटरचा म्हणून जो दोष आपल्याला दिसतो, तो पुष्कळदा आपल्या खोलीचा, आपल्या वीजपुरवठ्याचा किंवा आपण तुलनेला घेतलेल्या साधनाचा असतो. पुढील तयारी मी मुख्यतः १९८०च्या दशकातले एचपी (ह्यूलेट-पॅकार्ड) ३४७८ए हे मीटर समोर ठेवून लिहितो आहे. सोलापुरात छंद म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला इतर मीटरांसाठीही ती थोड्या फरकाने उपयोगी पडेल.

सुरुवात वेळ ठरवण्यापासून करावी. या मीटरची अचूकता मॅन्युअलमध्ये २३ अंश सेल्सिअस, अधिक-उणे ५ अंश, अशा तापमानासाठी दिलेली आहे. म्हणजे १८ ते २८ अंशांच्या बाहेर ते आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी स्लॅबखालच्या खोलीत हात टेकवावा ते टेबलही कोमट लागते. अशा वेळी पंखा लावला, तर वाऱ्याच्या झोतामुळे जोडणीच्या दोन टोकांचे तापमान वेगवेगळे होते, आणि दोन वेगळे धातू जिथे एकत्र येतात तिथे त्या फरकापोटी काही मायक्रोव्होल्टचा दाब तयार होऊन शेवटचे अंक हलत राहतात. पंखा बंद केला तर खोली तापते. म्हणून दोष शोधण्याचे काम कधीही करावे, परंतु अचूकता तपासण्याचे काम उन्हाळ्यात पहाटे, आणि शक्य असल्यास गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, जानेवारीतल्या सकाळी करावे. टेबलावर एक साधा थर्मामीटर कायम ठेवावा आणि प्रत्येक मोजमापाशेजारी त्या वेळचे तापमान वहीत लिहावे. मीटर सुरू केल्यावर निदान एक तास तापू द्यावे. पहिल्या दहा मिनिटांतल्या आकड्यांवरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

त्यानंतर वीजपुरवठा पाहावा. सॉकेटमधला दाब दिवसा आणि रात्री उशिरा असा दोन्ही वेळा मोजून ठेवावा, कारण भार कमी झाल्यावर तो बराच वर चढलेला आढळतो. परदेशातून आलेले मीटर असेल तर मागच्या बाजूचे दाबाचे सेटिंग १२० व्होल्टवर तर नाही ना, हे प्लग लावण्यापूर्वी डोळ्यांनी पाहावे. आपल्याकडे ते २४० वर ठेवणे योग्य, आणि फ्यूजही त्या सेटिंगसाठी मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या मूल्याचाच हवा. मागच्याच पॅनेलवर बारीक स्विचांची एक रांग असते, तिच्यातला एक स्विच ५० आणि ६० हर्ट्झ यांतून निवड करतो. हा स्विच मी नेहमी सर्वांत आधी तपासतो. मीटर विजेच्या लहरीच्या पूर्ण आवर्तनांच्या पटीत वेळ घेऊन मोजमाप गोळा करते, म्हणजे आपल्याकडे २० मिलिसेकंदांच्या पटीत; त्यामुळे तारांत शिरलेली मेनची, म्हणजे घरच्या वीजपुरवठ्याची, गुणगुण आपोआप वजा होते. स्विच ६० वर राहिला तर ही वजाबाकी अपुरी पडते, अंक नाचू लागतात, आणि माणूस सर्किटमध्ये नसलेला दोष शोधत बसतो.

अर्थिंगचीही तपासणी हवी. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एक-दोन व्होल्टपेक्षा फारसा दाब दिसू नये. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो. आमच्या घरी मे महिन्यात हा आकडा वाढलेला दिसला, की खड्ड्यात दोन बादल्या पाणी घालतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजतो. बंद अवस्थेत पडून राहिलेले मीटर प्रथमच सुरू करताना सिरीज बल्ब, म्हणजे मीटरच्या वीजवाटेत एकापाठोपाठ एक बल्ब, जोडावा. बल्ब जुन्या तारेचा, २५ किंवा ४० वॅटचा असावा. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. तार क्षणभर उजळून मंद झाली तर पुढे जावे, प्रखर पेटून राहिली तर आत कुठेतरी शॉर्ट आहे असे समजून प्लग काढावा.

तुलनेसाठी काय वापरणार, हे आधीच ठरलेले असावे. एडी ५८४ या आयसीचे छोटे बोर्ड सहज मिळतात आणि २.५, ५, ७.५ व १० व्होल्ट देतात. ते जरूर घ्यावे, पण त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवावी हे गणित करून पाहावे. 'जे' (J) श्रेणीच्या आयसीचे तापमानामुळे होणारे विचलन दर अंशाला ३० पीपीएमपर्यंत (दशलक्षात ३० भाग) असू शकते. २३ अंशांवर तपासलेला बोर्ड ३८ अंशांच्या खोलीत वापरला, तर १५ अंशांच्या फरकाने ४५० पीपीएम, म्हणजे १० व्होल्टवर साडेचार मिलिव्होल्ट होतात. ३४७८एच्या ३० व्होल्टच्या रेंजवर शेवटचा अंक १०० मायक्रोव्होल्टचा असल्याने तेवढ्याने शेवटच्या अंकात पंचेचाळीसचा फरक दिसेल, आणि त्यात मीटरचा दोष काहीच नसेल. म्हणून एकाच साधनावर विसंबू नये. शहरातल्या एखाद्या मित्राकडे चांगले मीटर असेल तर त्याच सकाळी, त्याच टेबलावर दोन्ही मीटरे एकाच बोर्डाला जोडून पाहावीत.

तारा आणि प्रोब यांची तयारी थोडक्यात आटोपते. प्रोब एकमेकांना टेकवून त्यांचा रोध मोजावा. तो स्थिर राहत नसेल तर प्रोब बदलावेत. शून्य तपासण्यासाठी स्वच्छ तांब्याच्या जाड तारेचा छोटा तुकडा टर्मिनलांवर आवळावा आणि बोटांची ऊब जाईपर्यंत थांबावे. तांब्यावर काळपट थर चढला असेल तर तो आधी घासून काढावा. लहान रोध मोजायचे असतील तर चार तारांची पद्धतच वापरावी, म्हणजे प्रवाह एका जोडीतून सोडून दाब दुसऱ्या जोडीने मोजावा.

टेबलाबद्दल एक सूचना सोलापूरकरांना विशेष करून करावीशी वाटते. शहराच्या पूर्व भागात किंवा यंत्रमागाच्या शेजारी राहणाऱ्यांच्या घरात सुताचे तंतू हवेतून येतच असतात, आणि उघड्या बोर्डावर ते फ्लक्सच्या (सोल्डरिंगच्या वेळी लावलेल्या राळेच्या) चिकट थरात अडकतात. पावसाळ्यात हेच तंतू ओल धरतात आणि जिथे गिगाओहमचा रोध अपेक्षित आहे तिथे गळती सुरू होते. टेबलावर चादर अंथरण्याची आपली सवय असते, पण नवी चादर तंतू सोडते, म्हणून या कामाला ती नको. अँटिस्टॅटिक मॅट हवी. मऊ ब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि झाकणारा प्लॅस्टिकचा डबा हाताशी असावा. मनगटाच्या पट्ट्यात एक मेगाओहमचा रोध असल्याची खात्री करावी, आणि मेनवर चालू असलेल्या सर्किटमध्ये हात घालताना पट्टा काढून ठेवावा.

आता ज्या गोष्टीसाठी ही सगळी सावधगिरी, ती आतली बॅटरी. ३४७८एचे कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमाप प्रमाणाशी जुळवणाऱ्या दुरुस्त्या, आकड्यांच्या रूपात एका छोट्या रॅममध्ये (वीज असेपर्यंतच मजकूर धरणाऱ्या चिपमध्ये) साठवलेले असते आणि मीटर बंद असताना ती रॅम ३ व्होल्टच्या, बोर्डावर सोल्डर केलेल्या लिथियम बॅटरीवर जिवंत राहते. बॅटरी संपली किंवा घाईत काढली, की ते आकडे जातात. मीटर चालू राहते, पण त्याच्या मोजमापाला आधार उरत नाही. पुन्हा कॅलिब्रेट करायचे तर दाब, प्रवाह आणि रोध यांची प्रमाणित साधने लागतात, आणि ती छंद म्हणून काम करणाऱ्याकडे नसतात. म्हणून झाकण काढल्यावर पहिले मोजमाप या बॅटरीचे घ्यावे, आणि मीटर प्रथम सुरू झाल्याबरोबर जीपीआयबी पोर्टवरून (मीटर संगणकाला जोडण्याच्या मागच्या जोडणीवरून) रॅममधील मजकूर वाचून संगणकावर उतरवून घ्यावा. आर्डुइनो या छोट्या स्वस्त नियंत्रक बोर्डावर चालणारा जीपीआयबी अ‍ॅडॉप्टर त्यासाठी पुरतो. वाचन दोनदा करावे, दोन्ही फाइली तंतोतंत जुळतात का ते पाहावे आणि एक प्रत दुसरीकडे ठेवावी. पुढच्या पॅनेलवर कॅलिब्रेशन मोकळे करणारी एक खाच असते, तिच्यात स्क्रूड्रायव्हर घालू नये.

बॅटरी बदलायचीच असेल तर मीटर मेनपासून पूर्ण वेगळे करावे. दोन नवे एए सेल एकापाठोपाठ जोडून, मध्ये एक किलोओहमचा रोध आणि एक शॉटकी डायोड (कमी दाब खाणारा, प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घालून, ते बॅटरीच्या दोन टोकांपाशी बोर्डाच्या खालच्या बाजूने तात्पुरते जोडावेत. डायोडमुळे लिथियम बॅटरीचा प्रवाह सेलमध्ये उलटा शिरत नाही, आणि रोधामुळे चुकून शॉर्ट झाला तरी प्रवाह मर्यादित राहतो. धन-ऋण दोनदा तपासावे. सेलच वापरावेत, बेंच पॉवर सप्लाय नको. त्याचे एक टोक अर्थला असेल आणि सोल्डरिंग आयर्नचे टोकही अर्थला असेल, तर त्या दोघांतून नको ती वाट तयार होते. मी पहिल्यांदा हे काम केले तेव्हा जुनी बॅटरी निघाल्यावर हातातल्या मीटरवर २.९८ व्होल्ट दिसत होते, आणि नवी बॅटरी बसेपर्यंत मी त्या आकड्यावरची नजर हलवली नव्हती.

एवढे झाल्यावर प्रत्येक पायरीचे फोटो काढायला मोबाइल चार्ज करून ठेवावा, स्क्रूसाठी खणांची डबी घ्यावी, सर्व्हिस मॅन्युअलमधील पॉवर सप्लायचे पान छापून टेबलावर लावावे आणि त्यावरच्या प्रत्येक दाबासमोर डीसी व रिपल (डीसीवर उरलेली एसीची लहर) यांच्यासाठी दोन मोकळे रकाने आखावेत. नव्या बॅटरीसाठी एक छोटे लेबल कापून ठेवावे, त्यावर बदलल्याचा महिना आणि वर्ष शाईने लिहावे आणि झाकण बसवण्यापूर्वी ते आतल्या बाजूला चिकटवावे.