थेट सफारीतला बिबट्या ओळखायचा कसा

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिमेला साबी सँड हे खासगी अभयारण्य आहे. दोघांमधलं कुंपण 1993 मध्ये काढलं गेलं, त्यामुळे जनावरांना इकडून तिकडे मोकळं रान आहे. साबी सँडमधल्या जुमा भागातून वाइल्डअर्थ या वाहिनीने वर्षानुवर्षं थेट सफारी दाखवली. करुला नावाची बिबट्याची मादी, तिच्या मुली थंडी आणि शॅडो, आणि थंडीची मुलगी त्लालाम्बा, अशा एकाच घरातल्या तीन पिढ्या कॅमेऱ्यासमोर वाढल्या. मन लावून बघायला शिकायचं असेल तर यातलं एखादं घराणं धरा. आज सिंह, उद्या हत्ती असं उड्या मारत बघितलं तर करमणूक होते, पण महिन्याभराने हाती काहीच राहत नाही.

आधी वेळेचा हिशोब. तिकडचं घड्याळ भारताच्या साडेतीन तास मागे असतं आणि ऋतूनुसार पुढे-मागे केलं जात नाही. डिसेंबरात तिथला सूर्योदय आपल्याकडे साडेआठ-पावणेनऊला पडतो, जूनमध्ये दहा वाजून जातात. सूर्यास्त जूनमध्ये आपल्या पावणेनऊच्या आसपास, डिसेंबरात दहानंतर. म्हणजे संध्याकाळची फेरी जेवणं आटोपून निवांत बघता येते. लंडनमधल्या मराठी मंडळींचा फरक मात्र हिवाळ्यात दोन तासांचा आणि उन्हाळ्यात एकाचा असतो, तेव्हा मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटी गजर बदला.

ऋतूही उलटे. आपला पावसाळा म्हणजे तिकडचा कोरडा हिवाळा. मे ते सप्टेंबर गवत बसलेलं असतं, झाडं विरळ झालेली असतात आणि जनावरं पाणवठ्यावर येतात. नवख्याने सुरुवात तेव्हाच करावी. डिसेंबर-जानेवारीत गवत इतकं माजतं की दहा पावलांवरचा बिबट्याही दिसत नाही. त्या दिवसांत इम्पाला हरणांची नुकती जन्मलेली पिल्लं बघावीत.

आता ओळख पटवण्याचं मुख्य काम. बिबट्याच्या मिशा ठिपक्यांच्या रांगांमधून उगवतात. मिशांची सर्वांत वरची रांग शोधा. तिच्याही वर, नाकाच्या बाजूला, थोडे सुटे ठिपके असतात. मोजायचे ते हेच. उजव्या गालावर तीन आणि डाव्यावर चार असतील तर नोंद 3:4. उजवा-डावा बिबट्याचा, आपला नव्हे. तो समोर तोंड करून बसला की त्याचा उजवा गाल पडद्यावर आपल्या डाव्या हाताला येतो, आणि निम्म्या चुका इथेच होतात. उरलेल्या चुकांचं खापर माश्यांवर फोडायला हरकत नाही: शिकार खाऊन उठलेल्या बिबट्याच्या तोंडावर माशी, गोचीड किंवा सुकलेलं रक्त ठिपक्यासारखं दिसतं. म्हणून एका चित्रावर विसंबू नका, दोन-तीन वेगवेगळ्या क्षणांची चित्रं ताडून बघा.

चित्र घेताना व्हिडिओचा दर्जा आधी 1080 वर न्या. 480 वर दोन ठिपके मिळून एक होतात. संगणकावर यूट्यूब थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळा दाबल्या की चित्र एकेक चौकटीने मागे-पुढे सरकतं. डोकं वळत असताना मधली एखादीच चौकट स्वच्छ मिळते, ती ठेवा. डेटा मोजून वापरत असाल तर एरवी 480 वर बघा, आणि बिबट्या आला की तेवढ्यापुरता दर्जा वाढवा. रात्रीच्या इन्फ्रारेड चित्रांवरून मोजणी करू नका.

3:3 किंवा 2:3 असे आकडे अनेक बिबट्यांचे असतात, त्यामुळे आकडा ही फक्त पहिली गाळणी. नंतर कपाळावरचे ठिपके, गळ्यावरची काळी माळ, कानाचा फाटलेला कोपरा आणि अंगावरची ठिपक्यांची फुलं बघा. फुलांची रचना जन्मभर बदलत नाही. कान मात्र उद्याही फाटू शकतो. नर-मादी ओळखणं त्या मानाने सोपं: नराचं डोकं रुंद, मान जाड, आणि वय झालं की गळ्याखाली बैलासारखी पोळी लोंबते.

वही ठेवा. तारीख, वेळ, ठिपक्यांचा आकडा, सोबत कोण, पोट भरलेलं की खपाटीला गेलेलं, आणि काय करत होता. शेपटीची नोंद विसरू नका. चालताना शेपटी वर वळवून खालचा पांढरा भाग दाखवत असेल तर शिकारीचा बेत नाही; पिल्लांना मागे यायला हीच पांढरी खूण उपयोगी पडते. अंग जमिनीलगत गेलं आणि शेपटी खाली आली की पुढची काही मिनिटं पडद्यावरून नजर हलवू नका.

बिबट्या दिसायच्या आधी बऱ्याचदा ऐकू येतो. लाकडावर करवत चालावी तसा त्याचा खरखरीत आवाज असतो. इम्पालाचं फुरफुरणं, वर्व्हेट माकडांचा ओरडा, खारीचा न थांबणारा किलकिलाट, हे सगळे त्याचे चहाडखोर. हेडफोन लावून ऐका. माकडं कुठल्या दिशेला तोंड करून ओरडतात तेही बघा, कारण ती नजर हलवत नाहीत. झाडात बिबट्या शोधताना फांदीवर लोंबणारी शेपटी बघा, तीच आधी दिसते. मारुलाच्या झाडावर इम्पालाचा पाय लटकलेला आणि खाली तरस ताटकळत बसलेला दिसला, तर ती फेरी सोडू नका. तरस शिकार हिसकावतात म्हणूनच बिबट्या जवळपास स्वतःच्या वजनाचं ओझं दातांत धरून झाडावर चढवतो. वर खाताना तुकडे निसटतात आणि तरसाचं फावतं.

घराणं कळलं की वर्तनाचा अर्थ लागतो. मुलगी मोठी झाली की सहसा आईच्या हद्दीशेजारीच, कधी आईने सोडलेल्या तुकड्यातच बस्तान बसवते. मुलगा दूर जातो. म्हणून करुलाचा मुलगा होसाना दिसेनासा होणं आणि एखादी मुलगी दिसेनाशी होणं यांचा अर्थ एक नाही. नवा नर हद्दीत शिरला की पहिल्या नराची पिल्लं मारतो. अशा दिवसांत मादी पिल्लं लपवून एकटीच फिरताना दिसली तर लगेच ‘पिल्लं गेली’ असं लिहू नका.

याच ठिपक्यांवर शास्त्रीय गणनाही चालते. पँथेरासारख्या, रानमांजरांच्या कुळातल्या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. बिबट्याची डावी आणि उजवी कूस वेगळी असते. एकच कॅमेरा लावला तर एकाचे दोन बिबटे मोजले जाण्याचा धोका. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातले बिबटेही कॅमेरा ट्रॅपच्या चित्रांतल्या ठिपक्यांवरूनच ओळखले जातात.

घरबसल्या हातभार लावायचा तर झूनिव्हर्स या संकेतस्थळावर जा, तिथे सामान्य लोक संशोधनाला मदत करतात. तिथल्या स्नॅपशॉट सेरेंगेटी या प्रकल्पात टांझानियात लावलेल्या 225 कॅमेऱ्यांची चित्रं सामान्य लोकांनी वर्गवार लावली. असल्या प्रकल्पांत एकच चित्र अनेकांना दाखवतात आणि उत्तरं जुळवून बघतात. त्यामुळे शंका असेल तर ताणून ‘बिबट्या’ म्हणू नका. वाऱ्याने हललेल्या गवतामुळे टिपलेली रिकामी चित्रं ढिगाने येतात. त्यांवर ‘काही नाही’ म्हणणं हे कंटाळवाणं पण कामाचं उत्तर आहे.

पैसे द्यायचे असतील तर नेमकं काम विचारून द्या. दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलु-नाताळ प्रांतात शेम्बे पंथाचे लोक धार्मिक नृत्यात बिबट्याचं कातडं पांघरतात. पँथेराने त्यांच्याच पुढाऱ्यांबरोबर बसून हुबेहूब दिसणारी कृत्रिम कातडी वाटली. श्रद्धेला धक्का न लावता मागणी कमी करणारा हा उपाय नुसत्या बंदीपेक्षा शहाणपणाचा वाटतो.

आणि थेट सफारीशेजारच्या गप्पांच्या चौकटीत (चॅटमध्ये) एक पथ्य कडक पाळा: गेंडा दिसला तर जागा, रस्ता, पाणवठ्याचं नाव यातलं काहीही लिहू नका. शिंगासाठी टपलेले शिकारीही तोच पडदा बघू शकतात.