वैमानिकांचा करार: ताशी दराआधी काय वाचावे आणि वाटाघाटीत काय मागावे

शिरपूर, धुळ्याजवळचे गोंदूर आणि जळगाव विमानतळ येथे उड्डाण प्रशिक्षणाची सोय झाल्यापासून वैमानिक होणे ही खानदेशातल्या मुलामुलींसाठी केवळ ऐकीव गोष्ट राहिलेली नाही. घरची जमीन तारण ठेवून किंवा मोठे शैक्षणिक कर्ज काढून परवाना मिळवलेली मुलगी एखाद्या विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, म्हणून रुजू होते, तेव्हा तिच्यापुढे ठेवलेला करार समजावून सांगणारे घरात सहसा कोणी नसते, आणि काही वर्षांनी तोच करार बदलण्याची वेळ आली की ती वाटाघाटीच्या बैठकीत केवळ हात वर करण्यापुरती बसते. असे होऊ नये यासाठी हे मार्गदर्शन आहे. मसुदा हातात पडला की बहुतेकांची नजर आधी ताशी दराकडे जाते. माझ्या मते तो आकडा सर्वांत शेवटी वाचावा, कारण तो दर किती तासांना लागू होणार आणि ते तास कोण ठरवणार, हे कामाच्या नियमांत आणि रोस्टरच्या, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकाच्या, कलमांत दडलेले असते.

तयारी: तीन महिन्यांची नोंद

बैठकीला जाण्यापूर्वी आपल्या तीन महिन्यांच्या कामाची पूर्ण नोंद तयार करावी. एक महिना पावसाळ्यातला, एक दिवाळीच्या गर्दीचा आणि एक साधा असावा. लॉगबुक यासाठी पुरेसे नाही, कारण त्यात फक्त उड्डाण असते. आपल्याला हजेरीची वेळ, विमान स्टँडवरून (उभे करण्याच्या जागेवरून) हलल्याची वेळ, पुढच्या स्टँडवर थांबल्याची वेळ, ड्यूटीतून मोकळे झाल्याची वेळ, स्टँडबायचे (बोलावणे येईल म्हणून तयार राहण्याचे) तास आणि प्रवासी म्हणून बसून दुसऱ्या गावी पाठवले गेल्याचे तास असे सगळे हवे असते. प्रसिद्ध झालेले रोस्टर आणि प्रत्यक्ष केलेले काम यांचे दोन वेगळे रकाने ठेवावेत. ॲपवर बहुधा ताजे रोस्टरच दिसते आणि जुने पुसले जाते, म्हणून रोस्टर प्रसिद्ध झाले त्याच दिवशी त्याची प्रत जतन करावी. वाटाघाटीत ‘रोस्टर वारंवार बदलते’ या वाक्याला वजन नसते. किती दिवस बदलले, किती तास आधी कळवले आणि त्यातले किती बदल हजेरीची वेळ अलीकडे आणणारे होते, याच्या तक्त्याला असते.

वेतन: हमीचे तास आणि प्रत्यक्षातले तास

भारतातल्या बहुतेक विमान कंपन्यांत वैमानिकाच्या वेतनाचा मोठा भाग ठरावीक तासांच्या हमीवर (उड्डाण कमी झाले तरी तेवढ्या तासांचे पैसे मिळतात) आणि त्यापुढच्या प्रत्यक्ष उड्डाणावर उभा असतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये ‘विस्तारा’ या विमान कंपनीच्या वैमानिकांच्या नाराजीच्या काळात अनेक उड्डाणे रद्द झाली, तेव्हा वादाच्या केंद्रस्थानी हेच होते: हमीचे तास ७० वरून ४० वर आणण्याची नवी वेतनरचना.

यातला फरक एका कल्पित हिशेबाने पाहावा. पहिल्या प्रस्तावात दर ताशी ५,००० रुपये आणि हमी ४० तासांची आहे. दुसऱ्यात दर ४,४०० रुपये आणि हमी ७० तासांची आहे. एखाद्या महिन्यात आपल्याकडून ५२ तास उड्डाण करून घेतले, तर पहिल्या प्रस्तावाने २,६०,००० रुपये मिळतात आणि दुसऱ्याने ३,०८,००० रुपये. ८५ तास उड्डाण झाले, तर पहिल्याने ४,२५,००० आणि दुसऱ्याने ३,७४,००० रुपये मिळतात. ६१.६ तासांना दोन्ही समान होतात. म्हणजे ‘कोणता दर चांगला’ या प्रश्नाचे उत्तर आपल्या तीन महिन्यांच्या नोंदीत आहे. आजारपण, विमानाची दुरुस्ती किंवा सिम्युलेटरचे प्रशिक्षण यांमुळे तास घटले, तर हमी पूर्ण मिळणार की त्याच प्रमाणात कापली जाणार, हेही विचारावे. कर्जाचा हप्ता असलेल्या कनिष्ठ वैमानिकाने, माझ्या मते, दरापेक्षा हमीसाठी अधिक आग्रह धरावा.

रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला फलकावरचा भाव आणि कटती जाऊन पावतीवर पडणारी रक्कम यांतले अंतर समजावून सांगावे लागत नाही. वैमानिकाच्या करारात ती कटती ‘ब्लॉक अवर’ या व्याख्येत बसलेली असते. विमान स्वतःच्या बळावर निघण्यासाठी हलल्यापासून ते पुढच्या स्टँडवर थांबेपर्यंतचा वेळ म्हणजे ब्लॉक. त्याआधीची हजेरी, हवामानाचा अभ्यास आणि दोन उड्डाणांमधली प्रतीक्षा यांत मोजली जात नाही. समजा, हजेरी सकाळी ६ ला आहे, पहिले उड्डाण ७ ते ८.१५, त्यानंतर थेट दुपारी १ ते २.१५ असे दुसरे उड्डाण आणि २.४५ ला सुटका आहे. ड्यूटी पावणेनऊ तासांची झाली, पण दर लागला अडीच तासांना. यावर अमेरिकेतल्या अनेक करारांत वापरला जाणारा उपाय असा आहे, की ड्यूटीच्या दर दोन तासांना किमान एक तासाचे वेतन धरायचे. त्या हिशेबाने वरच्या दिवसाचे सुमारे ४ तास २२ मिनिटे होतात. असे कलम मागण्याचा खरा लाभ पैशापुरता नाही. रिकाम्या प्रतीक्षेची किंमत कंपनीला मोजावी लागली, की रोस्टर बनवणारा विभाग आपोआप घट्ट आणि सुटसुटीत दिवस आखू लागतो. स्टँडबायचे आणि प्रवासी म्हणून पाठवल्याचे तास किती टक्के धरायचे, हाही प्रश्न याच बैठकीत सोडवावा. तो ‘पुढे पाहू’ म्हणून ठेवला तर पुढे कोणी पाहत नाही.

विश्रांती: नियमाचा हवाला देऊन थांबू नये

उड्डाण आणि विश्रांतीच्या वेळेची किमान मर्यादा नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, ठरवते. २०२४ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या सुधारित नियमांनी साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून सलग ४८ तासांवर नेली, रात्रीची व्याख्या मध्यरात्रीपासून पहाटे ५ ऐवजी ६ पर्यंत वाढवली आणि रात्रीत मोडणाऱ्या ड्यूटीत लँडिंगची संख्या दोनवर आणली. वैमानिक संघटनांनी दिल्ली उच्च न्यायालयात दिलेल्या लढ्यानंतर हे नियम १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. पुढच्याच महिन्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. तेव्हा डीजीसीएने साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरता येणार नाही हे कलम ५ डिसेंबरला मागे घेतले आणि रात्रीच्या ड्यूटीच्या काही नियमांतून त्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली.

करार लिहिणाऱ्याने या घटनेतून एक गोष्ट काटेकोरपणे पाळावी. मसुद्यात ‘विश्रांती डीजीसीएच्या नियमांनुसार दिली जाईल’ असे वाक्य असेल, तर नियम शिथिल झाला त्या दिवशी आपला करारही शिथिल होतो. म्हणून तासांचे आकडे करारातच लिहावेत आणि ‘करारातील किंवा नियमांतील, यांपैकी जी तरतूद वैमानिकाला अधिक विश्रांती देणारी असेल ती लागू राहील’ असे जोडावे.

आकडा लिहिल्यावरही तो कोणत्या घटकेपासून मोजायचा हे राहतेच. समजा, मुंबईत बेस (ड्यूटी जिथून सुरू होते ते नेमणुकीचे ठिकाण) असलेली वैमानिक शुक्रवारी रात्री ११.३० ला मोकळी झाली आणि तिची पुढची हजेरी सोमवारी पहाटे ३.३० ला आहे. कागदावर ५२ तासांची विश्रांती झाली. तिचे घर चोपड्याला आहे. रात्रीची गाडी पकडून सुमारे सव्वाचारशे किलोमीटरवरच्या जळगावला उतरायचे आणि तिथून रस्त्याने चोपडा गाठायचे, तर शनिवारची सकाळ उजाडते. आणि सोमवारी पहाटे कॉकपिटमध्ये सावध बसायचे असेल, तर रविवारी दुपारच्या आत मुंबईत पोहोचून संध्याकाळी लवकर झोपावे लागते. म्हणजे रविवारी भल्या पहाटेच तिला घर सोडावे लागते. म्हणून मागणी ‘४८ तासांऐवजी ६० तास’ अशी न करता ‘महिन्यातून किमान दोनदा सलग तीन पूर्ण तारखा मोकळ्या, आदल्या दिवशी संध्याकाळी ६ पूर्वी सुटका आणि नंतरच्या दिवशी सकाळी १० नंतर हजेरी’ अशी करावी. तासांच्या भाषेतली विश्रांती कंपनीच्या सोयीने सरकवता येते, तारखांच्या भाषेतली सहज सरकत नाही.

हा हट्ट सुखसोयीचा आहे, असे समोरून म्हटले गेले तर शांतपणे मंगळुरूची आठवण द्यावी. २२ मे २०१० रोजी सकाळी एअर इंडिया एक्स्प्रेसचे दुबईहून आलेले विमान धावपट्टीपलीकडे कोसळले आणि १५८ जणांचा मृत्यू झाला. चौकशीत असे निष्पन्न झाले, की कॅप्टन उड्डाणाचा सुमारे १ तास ४० मिनिटांचा काळ झोपलेले होते, आणि उठल्यावरची सुस्ती निर्णयावर परिणाम करणारी ठरली असावी. दमलेला माणूस आपण किती दमलो आहोत हे नीट ओळखू शकत नाही. म्हणून थांबण्याचा निर्णय त्याच्या मनावर न सोडता करारात लिहावा लागतो. थकव्याची सूचना देऊन ड्यूटी नाकारणाऱ्या वैमानिकाची त्या दिवसाची हमी कापली जाणार नाही, हे कलम त्यासाठी अत्यावश्यक आहे.

रोस्टर कोण बदलू शकतो

इथे तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: रोस्टर महिन्याच्या किती दिवस आधी प्रसिद्ध होईल, त्यानंतर कंपनी एकतर्फी बदल कोणत्या कारणांसाठी करू शकेल, आणि मोकळा दिवस मोडला तर भरपाई काय. धुके, मुसळधार पाऊस किंवा विमानातला बिघाड यांसाठी कंपनीला लवचीकता लागते, हे प्रांजळपणे मान्य करावे. पण मनुष्यबळ कमी नेमल्याने आलेली अडचण त्या यादीत बसू देऊ नये. मोडलेल्या मोकळ्या दिवसासाठी दीडपट किंवा दुप्पट वेतन आणि पर्यायी मोकळी तारीख, दोन्ही मागावे. रजा, मार्ग आणि बेस यांची निवड सेवाज्येष्ठतेने होणार असेल, तर ज्येष्ठता रुजू तारखेपासून की परवान्याच्या श्रेणीपासून मोजायची, हे एका वाक्यात स्पष्ट असावे. हा मुद्दा किती पेटू शकतो, याचे उदाहरण २०१२ मधले आहे. एअर इंडियाच्या वैमानिकांचा त्या वर्षीचा ५८ दिवसांचा संप मुख्यतः बोइंग ७८७ च्या प्रशिक्षणाची संधी विलीन झालेल्या दोन कंपन्यांपैकी कोणत्या बाजूच्या वैमानिकांना मिळावी, यावरून सुरू झाला होता.

वाटाघाटीची रीत

आपसातला वाद बैठकीपूर्वीच मिटवावा. कॅप्टनना दरात रस असतो, फर्स्ट ऑफिसरना हमी आणि बढतीत. एअरबसवाल्यांना रात्रीचे लांब मार्ग टोचतात, तर एटीआर या लहान पंख्याच्या विमानांवर छोट्या मार्गांची उड्डाणे करणाऱ्यांना जास्त लँडिंग करून कमी तास भरल्याचे दुःख असते. ‘तुम्हाला काय हवे’ असे विचारले की सगळे हवे असते. म्हणून सदस्यांना ‘यातले काय मिळावे म्हणून काय सोडाल’ असे विचारावे आणि त्या उत्तरांवरून मागण्यांचा क्रम लावावा. प्रत्येक मागणीचा वार्षिक खर्च आपणच काढून न्यावा, म्हणजे देवाणघेवाणीची वेळ आली की दरातले दोन टक्के सोडून तीन मोकळ्या तारखा घेणे परवडते की नाही, हे जागेवर ठरवता येते. अमेरिकेत रेल्वे आणि विमानसेवा या दोन्हींच्या वाटाघाटी १९२६ च्या एकाच कायद्याखाली चालतात (विमानसेवा त्यात १९३६ मध्ये आली) आणि तिथला करार मुदत संपली तरी नवा होईपर्यंत लागू राहतो. तिथल्या डेल्टा या विमान कंपनीच्या वैमानिकांनी २०२३ मध्ये चार वर्षांत मिळून ३४ टक्के वाढ मिळवली, ती या चौकटीत. आपल्याकडे अशी हमी गृहीत धरू नये. ‘नवा करार होईपर्यंत हाच लागू राहील’ हे वाक्य स्वतः घालून घ्यावे.

संघटनेशिवाय यातले फारसे साधत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना वाटाघाटीची एकमेव संघटना ठरते, आणि संपापूर्वी १४ दिवसांची सूचना द्यावी लागते. संपाऐवजी सामूहिक आजारी रजा टाकण्याचा मार्ग जेट एअरवेजच्या वैमानिकांनी सप्टेंबर २००९ मध्ये अवलंबला होता. तो मार्ग मला मान्य नाही, कारण खोट्या आजाराची सवय लागली की खऱ्या थकव्याच्या सूचनेवरही कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ती सूचना हेच आपले सर्वांत मोलाचे संरक्षण आहे.

सही करण्यापूर्वी बाहेर पडण्याचे कलमही वाचावे. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार कॅप्टनला एक वर्षाची आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते; टाइप रेटिंगचा (विशिष्ट प्रकारचे विमान उडवण्याच्या प्रशिक्षणाचा) बाँड, म्हणजे ठरावीक काळ सेवा करण्याची नाहीतर रक्कम भरण्याची लेखी हमी, त्याहून वेगळा असतो. बाँडची रक्कम सेवेच्या प्रत्येक महिन्यागणिक कमी होत जाईल आणि कंपनीने वेतनाच्या अटी एकतर्फी बदलल्यास किंवा वेतन थकवल्यास तो आपोआप रद्द होईल, अशा दोन ओळी मागाव्यात. तोंडी दिलेले प्रत्येक आश्वासन बैठकीच्या इतिवृत्तात तारखेसह नोंदवून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात, आणि करार लागू झाल्यानंतर पहिले तीन महिने पुन्हा तीच दोन रकान्यांची वही चालू ठेवावी, म्हणजे कोणते कलम पाळले जात नाही ते तक्रार समितीपुढे तारखांसह मांडता येते.