नोटबुकमधला कोड नेमका कोणाच्या नावाने चालतो?

ज्युपिटरहब (पुढे नुसतं ‘हब’) म्हणजे प्रत्येक युजरला ब्राउझरमध्ये कोड चालवायची नोटबुक आणि त्यासाठी स्वतःचा सर्व्हर देणारी प्रणाली. तिचं काम पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मला वाटायचं, युजरने ब्राउझरमध्ये लॉगिन केलं की तो कोण हे त्याच्या नोटबुकलाही कळतं. तसं नसतं. लॉगिनची कुकी, म्हणजे युजरची ओळख पटवणारी छोटी नोंद, ब्राउझर आणि वेब सर्व्हर यांच्यातच राहते. सेलमधला (नोटबुकच्या एका चौकटीतला) कोड चालवणारा कर्नल ही वेगळी प्रोसेस. सर्व्हर तिच्याशी झीरोएमक्यू या मेसेज पोचवणाऱ्या लायब्ररीच्या सॉकेटवरून बोलतो, तिथे कुकी पोचत नाही. मेसेजच्या हेडरमध्ये युजरनेमचा रकाना असतो खरा, पण तो पाठवणारा क्लायंटच भरतो. त्यावरून परवानग्या ठरवू नका.

आमच्या डेटाबेसच्या लॉगमध्ये सगळ्या क्वेरी एकाच सर्व्हिस अकाउंटच्या (सगळ्यांच्या सामायिक खात्याच्या) नावावर दिसायच्या. कोणी काय वाचलं, सांगता येईना. हब प्रत्येकाचा सर्व्हर सुरू करताना युजरचं नाव एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोसेसला सुरू होताना मिळणाऱ्या सेटिंगमध्ये) घालतं आणि कर्नलकडे ते आपोआप येतं. ते नाव वाचून डेटा गाळणारी छोटी लायब्ररी मी लिहिली. चाचणीत ती नीट चालली. मग एका सहकाऱ्याने पहिल्याच सेलमध्ये ते व्हेरिएबल बदललं आणि माझा डेटा त्याच्या स्क्रीनवर आला. एका ओळीचं काम! नोटबुक असतंच वाटेल तो कोड चालवायला, त्यामुळे कर्नलच्या आत केलेली तपासणी युजरला केव्हाही बाजूला सारता येते.

म्हणून तपासणी बाहेर नेली. हब प्रत्येक सर्व्हरला नावाबरोबर एक टोकनही, म्हणजे ओळख पटवणारी गुप्त खूण, देतं. आता लायब्ररी ते टोकन डेटा सर्व्हिसला पाठवते, सर्व्हिस हबला विचारते, ‘हे कोणाचं?’, आणि हब सांगेल तेच नाव धरते. डेटाबेसचा पासवर्ड कर्नलमधून काढून सर्व्हिसकडे ठेवला. तो कर्नलमध्येच राहिला असता तर बाकी सगळी मेहनत वाया गेली असती.

इथे नवखे लोक एक गोष्ट हमखास विसरतात. सगळे कर्नल एकाच लिनक्स युजरखाली, एकाच मशीनवर चालत असतील, तर शेजारच्या प्रोसेसचं एन्व्हायर्नमेंट ‘प्रॉक’मधून (चालू प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या लिनक्सच्या फोल्डरमधून) वाचता येतं, म्हणजे टोकनही. प्रत्येकाला वेगळा लिनक्स युजर किंवा वेगळा कंटेनर (बाकीच्यांपासून अलग ठेवलेलं वातावरण) हवाच.

दुसरी अडचण वेळेची. एन्व्हायर्नमेंट प्रोसेस सुरू होतानाच मिळतं, नंतर बाहेरून बदलत नाही. लॉगिन सेवेचं ॲक्सेस टोकन मी तसंच कर्नलला दिलं होतं. ते थोड्या वेळात संपायचं, कर्नल मात्र दिवसेंदिवस चालू राहायचे. सकाळी क्वेरी चालवली की ४०१, म्हणजे ‘ओळख पटली नाही’ ही एरर. आता रिफ्रेश टोकन (ज्यावर नवं ॲक्सेस टोकन मिळतं ते) हबच्या ऑथ स्टेटमध्ये, म्हणजे लॉगिनच्या माहितीच्या साठ्यात, एन्क्रिप्ट होऊन राहतं. हबशेजारच्या छोट्या सर्व्हिसकडून लायब्ररी दर वेळी ताजं ॲक्सेस टोकन मागून घेते.

नवीन सेटअप हातात आला की मी आधी दोन खाती उघडतो, एकातून दुसऱ्याचं नाव लावून डेटा मागून पाहतो, आणि एक कर्नल रात्रभर चालू ठेवून सकाळी तीच क्वेरी पुन्हा चालवतो.