गोधडीचा गोट लावताना या चुका टाळा

कुठलीही वापरातली जुनी गोधडी उलगडून बघा. मधला धावदोरा शाबूत असतो, ठिगळं धड असतात, काठ मात्र विरलेला असतो. ओढायला, झटकायला, दोरीवर टाकायला हात आधी काठालाच जातो. तरीही आठवडेच्या आठवडे टाके घालणारी माणसं गोट, म्हणजे काठाभोवती शिवायची पट्टी, मात्र उरलेल्या चिंधीतून एका बैठकीत उरकतात. काठाच्या पुष्कळशा तक्रारी मशीनवर बसण्याआधी, कापड कापतानाच ठरून गेलेल्या असतात. म्हणून सुरुवात तिथून करू.

पट्टी अरुंद, कापड कमी

गोट मागच्या बाजूला पुरत नाही, ओढून बसवावा लागतो आणि मग काठ आत वळतो, ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. गोट दुहेरीच लावावा, म्हणजे पट्टी लांबीत मधोमध दुमडून. शिलाई काठापासून जितकी आत घालणार, त्याच्या सहापट रुंदी आणि वर जाडीसाठी निदान अर्धा इंच, असा हिशेब धरा. चार-पाच थरांच्या गोधडीला शिलाई अर्धा इंच आत घ्यावी लागते, म्हणून पट्टी साडेतीन इंच. पातळ रजईला पाव इंचाची शिलाई आणि सव्वादोन ते अडीच इंचाची पट्टी पुरते.

आता लांबी. ६० बाय ९० इंचांच्या गोधडीचा घेर ३०० इंच. कोपरे आणि शेवटचा जोड यांसाठी १५ इंच जास्त, म्हणजे ३१५. कापडाचा पन्हा ४४ इंच असला, तरी कडा आणि तिरके जोड यांत घट जाऊन एका पट्टीतून सुमारे ४० इंचच हाती लागतात. म्हणजे साडेतीन इंचांच्या आठ पट्ट्या, २८ इंच कापड. दुकानात सरळ एक मीटर मागा. उरलेला तुकडा जपून ठेवा, पुढे डागडुजीला त्याच रंगाचं कापड मिळत नाही.

कापड न धुता लावणं

आतल्या साड्या वर्षानुवर्षं धुऊन आटायच्या तेवढ्या आटलेल्या असतात. गोट कोरा असेल, तर पहिल्या धुण्यात तो एकटा आटतो आणि सगळा काठ चुण्यांनी भरतो. लाल, जांभळ्या किंवा गडद निळ्या कापडाचा ओला कोपरा पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. फडक्यावर रंग उतरला, तर ते कापड गोटाला नको.

जुन्या लुगड्याचा काठच गोट म्हणून लावायची हौस अनेकांना असते आणि ती मला मनापासून आवडते. पण इरकलीसारख्या लुगड्यात अंग सुती आणि काठाचा धागा वेगळा असतो, त्यामुळे दोन्ही सारखे आटत नाहीत. असा काठ भिंतीवर लावायच्या किंवा क्वचित वापरायच्या गोधडीला शोभतो. बाळाच्या दुपट्याला जरीचा काठ तर लावूच नका, नाजूक त्वचेला जरीची तार टोचते.

सरळ पट्टी की उरेब?

काठ सरळ असतील तर सरळ पट्टी चालते. कोपरे गोल असतील तर उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी कापलेली पट्टीच हवी, सरळ पट्टी वळणावर बसतच नाही. रोज वापरायच्या गोधडीला मी सरळ काठांनाही उरेबच सुचवेन. सरळ पट्टीत घडीच्या टोकावर तेच ते एक-दोन धागे लांबवर धावतात. ते झिजले की काठ चिरत जातो. उरेबात ती झीज अनेक धाग्यांवर वाटली जाते.

काठ लाटांसारखा होतो

शिवताना पट्टी ओढली जाते किंवा गोधडीचाच काठ ताणला जातो. उपाय सोपा आहे. गोट लावण्याआधी काठापासून पाव इंचावर चारही बाजूंनी धावदोरा घालून थर एकजीव करा. मग गोधडीची लांबी-रुंदी मधोमध मोजा, कडेला नाही. त्या मापाइतकी पट्टी टाचून घ्या आणि जास्तीचा काठ सारखा वाटून बसवा. जाड थरांत टाचण्या वाकतात. तिथे केसांच्या टिकटॉक पिना उत्तम काम करतात. मशीनला १६ नंबरची सुई लावा, टाका तीन मिलिमीटरचा ठेवा, दाबपट्टीचा दाब थोडा कमी करा. वॉकिंग फूट (वरूनही कापड सरकवणारी दाबपट्टी) असेल तर वरचा आणि खालचा थर बरोबरीने सरकतो.

कोपरा

इथे मात्र सावकाश. शिलाई अर्धा इंच आत असेल, तर कोपऱ्याच्या अर्धा इंच अलीकडे थांबा, दोन टाके मागे घ्या, दोरा तोडा. गोधडी वळवून पट्टी वरच्या दिशेला दुमडा. तिरकी, ४५ अंशांची घडी पडेल. मग पट्टी सरळ खाली आणा. वरची आडवी घडी गोधडीच्या वरच्या काठाशी तंतोतंत जुळली पाहिजे. तिथून, अगदी काठापासून, पुढची शिलाई सुरू करा. आधीची शिलाई टोकापर्यंत नेली असेल, तर ही घडी मोकळी होत नाही आणि कोपरा चुणीसकट अडकतो. तेवढेच टाके उसवले की काम होतं, सगळी बाजू उसवायची गरज नाही. आतले थर जाड वाटतात म्हणून छाटूही नका. गोट आतून भरलेला हवा, पोकळ गोट लवकर विरतो.

पट्टीचे जोड कोपऱ्यावर आले तर घडी नीट बसत नाही. म्हणून आधी पट्टी नुसती भोवती फिरवून बघा आणि सुरुवात एखाद्या बाजूच्या मध्यावरून करा.

मागची शिलाई चुकते

मागची बाजू हातशिलाईने करणार असाल, तर गोट आधी पुढून लावा. मशीननेच संपवणार असाल, तर आधी मागून लावून पुढे वळवा, म्हणजे दिसणारी शिलाई डोळ्यांसमोर राहते. हे उलट केलं की शिलाई मागे कुठे गोटावर, कुठे बाहेर पडते. हाताने करताना दोरा मेणावरून ओढून घ्या आणि अंगुस्तान घाला.

जुन्या गोटावर नवा गोट

विरलेल्या गोटावरच नवा चढवला, तर काठ काठीसारखा ताठ होतो आणि नवे टाके कुजक्या कापडात धरत नाहीत. जुना उसवा, विरलेला भाग सरळ कापून टाका, काठाला धावदोरा घाला, मगच नवी पट्टी लावा. गोधडी अर्धा-पाऊण इंच लहान होईल, ते चालतं.