न भेटता माणसं निवडण्याचं काम

"ताई, तुमची कंपनी आहे कुठे?" वाघोडिया रोडवर राहणाऱ्या एका उमेदवाराच्या वडिलांनी फोन करून मला विचारलं. मी बडोद्यातून एका परदेशी रिमोट कंपनीसाठी माणसं निवडते आणि त्यांच्या मुलाला आमच्याकडून ऑफर गेली होती. मी म्हटलं, काका, ऑफिस असं नाही, सगळे घरूनच काम करतात. क्षणभर ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग पीएफ कोण भरणार?"

कोयलीच्या रिफायनरीत तीस वर्षं शिफ्ट केलेला तो माणूस. गेट, हजेरी, कॅन्टीन, बस यांतून त्यांना नोकरी दिसत आलेली. त्यांचा प्रश्न अगदी योग्य होता आणि त्याचं उत्तर देणं माझंच काम होतं. परदेशी कंपनीची भारतात नोंदणी नसेल तर साधारण दोन मार्ग असतात. एक, 'एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड' नावाची मध्यस्थ कंपनी तुम्हाला इथल्या कायद्यानुसार पगारावर ठेवते. त्यात पीएफ, ग्रॅच्युइटी, फॉर्म १६ हे सगळं येतं. दोन, तुम्ही कॉन्ट्रॅक्टर म्हणून बिल लावता. पीएफ नाही, आगाऊ प्राप्तिकर स्वतः भरायचा, वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर जीएसटी नोंदणी करायची आणि घरासाठी कर्ज मागायला गेलं की बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागते. त्या मुलाची ऑफर पहिल्या प्रकारची होती. हे मुलाला मी आधी सांगितलं होतं, पण तोंडी. घरी जाऊन त्याला ते नीट सांगता आलं नाही. तेव्हापासून हे सगळं मी ऑफरच्या मेलमध्येच लिहून देते.

मी दांडिया बाजारात वाढले, एम. एस. युनिव्हर्सिटीतून बी. कॉम. केलं. एचआरचं वेगळं शिक्षण घेतलेलं नाही. ज्यांना घ्यायचं असेल त्यांच्यासाठी याच युनिव्हर्सिटीच्या सोशल वर्क फॅकल्टीत एचआरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. रिक्रूटमेंटमध्ये शिरायला मात्र तो असलाच पाहिजे असं नाही. मी दोन वर्षं अलकापुरीतल्या एका एजन्सीत काढली, मग रिमोट कंपनीत आले.

नवख्या माणसाने एक वर्ष तरी एजन्सीत काढावं असं माझं ठाम मत आहे. तिथे हात बसतो. दिवसाला चाळीस-पन्नास फोन होतात, नोकरी डॉट कॉमच्या डेटाबेसमध्ये आणि लिंक्डइनवर माणूस शोधायची सवय लागते. शोध म्हणजे बूलियन, म्हणजे शब्द चिन्हांनी आणि जोडशब्दांनी बांधून शोधणं: अवतरणचिन्हं, कंस, अँड, ऑर, नॉट. 'कस्टमर सपोर्ट' एवढंच टाकलं तर जे स्वतःला 'क्लायंट सर्व्हिस' किंवा 'हेल्पडेस्क' म्हणवतात ते सुटतात. म्हणून एका कामाची लोक किती नावं लावतात याची यादी आधी कागदावर करावी. एजन्सीचं अर्थकारणही तिथेच कळतं. उमेदवाराच्या वार्षिक सीटीसीच्या (कंपनीला तो वर्षाला एकूण जेवढ्याला पडतो त्याच्या) ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराइतकी फी हा आपल्याकडचा जुना हिशेब. माणूस जॉइन झाला तरच ती मिळते आणि तीन महिन्यांत सोडून गेला तर बदली माणूस द्यावा लागतो. ही फी कंपनी देते, उमेदवार नाही. कोणी उमेदवाराकडे रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किंवा लॅपटॉपच्या डिपॉझिटच्या नावाने पैसे मागत असेल तर ती फसवणूक आहे. रिमोटच्या नावावर अशी फसवणूक फार चालते, म्हणून मी पहिल्याच मेलमध्ये सांगते की आमच्याकडून पैशांची मागणी कधीच होणार नाही.

रिमोट कंपनीत गेल्यावर कामाचा पोत बदलतो. तिथे बोलण्यापेक्षा लिहिणं जास्त असतं. हायरिंग मॅनेजर, म्हणजे ज्याच्या टीमसाठी माणूस हवा तो, लिस्बनमध्ये झोपलेला असतो आणि मी इथे उमेदवाराशी बोलून उठलेली असते. मी पाहिलेलं त्याला सकाळी दिसायचं तर ते कागदावर असायला हवं. 'चांगला वाटला' याला काहीच अर्थ नाही. 'तीन ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायला दिली, दोन ठिकाणी आधी चूक मान्य करून मग उपाय सांगितला, तिसरीत परताव्याचा नियम चुकला' याला अर्थ आहे. मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारायचे आणि एकमेकांशी चर्चा करायच्या आधी प्रत्येकाने आपले गुण लिहून टाकायचे. हा कोरडा शिस्तीचा भाग वाटतो, पण त्यामागे संशोधन आहे. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जुन्या अभ्यासांचा हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा माणूस कामात कसा ठरेल याचा अंदाज बांधण्यात अशी ठरीव प्रश्नांची मुलाखत सगळ्यांत वर आली. गप्पांच्या मुलाखतीत आपल्याला आपल्यासारखा माणूस आवडतो, हे मी स्वतःवरून सांगते. पहिल्या वर्षी मी बडोद्याच्या, मराठी बोलणाऱ्या मुलामुलींना नकळत झुकतं माप देत होते. मॅनेजरने माझे गुणांचे तक्ते समोर ठेवले तेव्हा ते दिसलं.

गिटलॅब ही कंपनी पूर्ण रिमोट चालते आणि तिचं हँडबुक इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुलं आहे, माणसं निवडण्याची पद्धतसुद्धा. मी त्यातून इतकं शिकले की कोणीही विचारलं तर आधी तेच वाचायला सांगते.

आता वेळेचं. आपलं घड्याळ वर्षभर तेच राहतं, अमेरिकेचं बदलतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी न्यूयॉर्क एक तास पुढे जातं, युरोप मात्र मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे सगळ्यांत घोटाळ्याचे. मी एका उमेदवाराला 'मंगळवारी साडेसात' असं कळवलं होतं, कारण हिवाळ्यात न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. त्या रविवारनंतर ते साडेसहा झाले. मॅनेजर वाट पाहून उठून गेल्या. बिचारी मुलगी साडेसातला नवी साडी नेसून स्क्रीनसमोर बसली होती. मी दोघींची माफी मागितली आणि मुलाखत पुन्हा लावून घेतली. आता तारीख, वार आणि दोन्ही गावांची वेळ लिहिल्याशिवाय माझा एकही मेल जात नाही.

हे काम करणाऱ्याची संध्याकाळ जाते, हेही सांगायला हवं. अमेरिकेशी बोलायचं तर साडेसहा ते साडेदहा बसावं लागतं. नवरात्रीत अख्खं बडोदं गरब्याला निघालेलं असतं आणि आपण कॉलवर असतो. माझ्या मैत्रिणीने याच कारणासाठी हे काम सोडलं आणि मला तिचा निर्णय बरोबर वाटतो. मी युरोपच्या टीमकडे बदली मागून घेतली. ऑफर स्वीकारताना 'कामाचे तास लवचिक' यावर थांबू नका. रोज कोणते चार तास हजर असणं सक्तीचं आहे, ते विचारा.

पडद्यावरच्या माणसाची ओळख पटवणं हाही आता कामाचा भाग झालाय. दुसऱ्याच्या चेहऱ्याचे बनावट व्हिडिओ वापरून लोक रिमोट नोकऱ्यांच्या मुलाखती देत आहेत, असा इशारा अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२२ मध्येच दिला होता. मी संशय मनात ठेवून बोलत नाही. फक्त रेझ्युमेतल्या एका कामाबद्दल खोलात जाते: तेव्हा टीममध्ये किती जण होते, काय फसलं, मग काय केलं. ज्याने काम केलेलं असतं तो सांगता सांगता रंगतो.

नकार कळवणं हा मला या कामातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग वाटतो. मी नोकरी शोधत होते तेव्हा एका कंपनीने चार फेऱ्या घेतल्या आणि नंतर एक ओळही पाठवली नाही. आई रोज विचारायची, काय गं, आलं का काही? ऑफिस असलेल्या कंपनीत निदान जाऊन रिसेप्शनवर विचारता येतं. रिमोट कंपनीचं दार म्हणजे रिक्रूटर. त्याने उत्तर दिलं नाही तर उमेदवाराला ठोठावायला दुसरी जागाच नाही. माझ्या एक्सेलमध्ये 'शेवटचं उत्तर कधी दिलं' असा रकाना आहे आणि पाच दिवस उलटले की तो लाल होतो. मुलाखतीपर्यंत आलेल्या प्रत्येकाला मी नकाराचं कारण दोन ओळींत लिहिते. यात वेळ जातो, पण तो जाऊ द्यावा. ज्यांना नाही म्हटलं त्यांतल्या दोघी पुढे दुसऱ्या जागांवर आमच्याकडेच लागल्या.

काकांचा मुलगा जॉइन झाला. पहिली पे-स्लिप आली तेव्हा काकांनी पीएफचा आकडा स्वतः तपासला आणि मला फोन केला. या वेळी त्यांच्या भाचीसाठी. तिला हे काम शिकायचं आहे, मराठी-गुजराती-हिंदी अस्खलित, इंग्रजी लिहायची भीती वाटते. मी तिला पाच जाहिराती शोधायला सांगितल्या आणि प्रत्येक जाहिरात दीडशे शब्दांत पुन्हा लिहायला: काम काय, पगार किती ते किती, हजर राहण्याचे तास कोणते, पहिल्या तीन महिन्यांत काय अपेक्षित. आधी मराठीत लिही, मग इंग्रजीत. पहिल्या दोन आल्या आहेत. दुसरीत पगार लिहायचा राहिलाय, ती मी परत पाठवली आहे.